खडबडीतपणाचे श्रेय : इम्प्लांटच्या पृष्ठभागाविषयीच्या संशोधनाची एक चिकित्सा

धातूचा पृष्ठभाग खडबडीत केला असता हाड त्यास अधिक चांगले जडते, हे विधान दंतवैद्यक व अस्थिशल्य या दोन्ही शाखांच्या पाठ्यपुस्तकांत आता सिद्धान्ताच्या दर्जाला जाऊन बसले आहे. विद्यार्थी ते पहिल्या प्रकरणात वाचतो, आपल्या प्रबंधाच्या प्रस्तावनेत उतरवून घेतो आणि पुढे त्याकडे फिरून पाहत नाही. विधान खोटे आहे, असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे नाही. परंतु त्यातील 'चांगले' हा शब्द फार ढिला आहे. हाड लवकर जडते, हाड घट्ट जडते आणि हाड दीर्घकाळ जडलेले राहते, या तीन निरनिराळ्या गोष्टी होत. त्यांच्या मापनाची साधने निराळी, कालमर्यादा निराळी आणि पुराव्याची प्रतही निराळी. या विषयावरील वाङ्मयाचा मोठा भाग पहिल्या गोष्टीचा पुरावा देतो, दुसरीची भाषा बोलतो आणि तिसरीचे आश्वासन देऊन मोकळा होतो. ही गफलत कोठे शिरते हे काही प्रमुख निबंधांच्या आधारे पाहावे, एवढाच या टिपणाचा हेतू आहे.

प्रारंभीचा इतिहास येथे थोडक्यात सांगणे अवश्य आहे, कारण त्याचा विसर पडल्यामुळेच पुढील बराच गोंधळ झाला. स्वीडनमधील लुंड येथे १९५२ मध्ये पेर-इंग्वार ब्रोनेमार्क हे सशाच्या पायाच्या हाडातील रक्ताभिसरण जिवंतपणी सूक्ष्मदर्शकातून पाहत होते. त्यासाठी हाडात बसविलेली टायटॅनियमची कुपी प्रयोगाअंती बाहेर काढू जाता ती निघेना. हाड धातूला चिकटून वाढले होते. पुढे गोटेनबर्ग येथे १९६५ मध्ये योस्टा लार्सन या रुग्णाच्या जबड्यात त्यांनी टायटॅनियमचे स्क्रू बसविले, आणि ते २००६ मध्ये त्याच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक काळ, कामात राहिले. 'ऑसिओइंटिग्रेशन' ही संज्ञा १९७७ च्या ग्रंथात आली. आपण तिला अस्थि-एकीकरण म्हणू. हे सर्व स्क्रू लेथवर कातलेले होते. कातण्याच्या हत्याराने उमटलेल्या बारीक रेषांखेरीज त्यांच्या पृष्ठभागावर कोणतेही संस्कार नव्हते. आडेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये पंधरा वर्षांचा जो वृत्तांत प्रसिद्ध केला, त्यात ३७१ रुग्णांच्या ४१० दंतहीन जबड्यांत बसविलेल्या २७६८ स्क्रूंचा हिशेब आहे. पद्धती स्थिरावल्यानंतरच्या ज्या गटाचे पाच ते नऊ वर्षे निरीक्षण झाले, त्यात वरच्या जबड्यातील ८१ टक्के व खालच्या जबड्यातील ९१ टक्के स्क्रू स्थिर राहिले. पहिल्या वर्षानंतर हाडाची झीज वर्षाला सुमारे ०.१ मिलिमीटर एवढीच होती. म्हणजे ज्याला आज 'गुळगुळीत' म्हणून बाजूस सारले जाते, त्याच पृष्ठभागावर या शास्त्राचा पाया घातला गेला आहे.

त्याच वर्षी आल्ब्रेक्टसन व सहकाऱ्यांनी अस्थि-एकीकरणास आवश्यक अशा सहा बाबी सांगितल्या : द्रव्याची जैव-अनुकूलता, इम्प्लांटची घडण, त्याचा पृष्ठभाग, यजमान हाडाची अवस्था, शस्त्रक्रियेचे तंत्र आणि भाराची परिस्थिती. सहांपैकी पृष्ठभाग ही एक बाब. तरीही पुढच्या काळात संशोधकांचे लक्ष तिच्याकडे विशेषेकरून वळले, याचे एक कारण व्यावहारिक आहे. शल्यवैद्याचा हात पेटीत घालून विकता येत नाही, रुग्णाचे हाडही विकता येत नाही. पृष्ठभाग मात्र विकता येतो. परंतु एवढेच कारण सांगणे अन्यायाचे होईल. कातलेल्या स्क्रूच्या उणिवा खऱ्या होत्या. मूळ पद्धतीप्रमाणे खालच्या जबड्यात तीन व वरच्या जबड्यात सहा महिने स्क्रूवर भार न देता थांबावे लागे, आणि तितका काळ रुग्णाला तात्पुरत्या कवळीवर दिवस काढावे लागत. शिवाय १९९१ मध्ये जॅफिन व बर्मन यांनी दाखवून दिले की, हाड अत्यंत विरळ असेल, म्हणजे चौथ्या प्रकारचे असेल, तर या स्क्रूंपैकी ३५ टक्के निकामी होतात. इतर तीन प्रकारांच्या हाडांत हे प्रमाण सुमारे ३ टक्केच होते. ज्या रुग्णाच्या वाट्याला असे विरळ हाड आले त्याच्या दृष्टीने पृष्ठभागाचा प्रश्न केवळ विद्वत्तेचा नव्हता.

अशा वेळी १९९१ मध्येच बुझर व सहकाऱ्यांचा निबंध आला. या विषयावरील लेखनात तो वारंवार उद्धृत होतो, परंतु तो बारकाईने वाचला जातो असे मात्र दिसत नाही. लहान जातीच्या डुकरांच्या नडगीच्या व मांडीच्या हाडात सहा प्रकारच्या पृष्ठभागांचे इम्प्लांट बसवून तीन व सहा आठवड्यांनी, पृष्ठभागाच्या किती टक्के लांबीवर हाड प्रत्यक्ष टेकले आहे, हे त्यांनी मोजले. विद्युत्प्रक्रियेने चकचकीत केलेल्या पृष्ठभागावर हे प्रमाण २० ते २५ टक्के होते. भरड कणांचा मारा करून नंतर हायड्रोक्लोरिक व सल्फ्युरिक आम्लांच्या मिश्रणाने कोरलेल्या पृष्ठभागावर ते ५० ते ६० टक्के झाले. पाठ्यपुस्तके एवढ्या दोन आकड्यांवर थांबतात. परंतु मधले आकडे अधिक बोलके आहेत. मध्यम कणांचा मारा करून निराळ्या आम्लमिश्रणाने, हायड्रोफ्लुओरिक व नायट्रिक आम्लाने, धुतलेला पृष्ठभागही त्याच २० ते २५ टक्क्यांच्या तळाशी राहिला. आणि प्लाझ्माच्या झोताने टायटॅनियमचा थर फवारलेला पृष्ठभाग, जो या धातूच्या पृष्ठभागांत सर्वांत ओबडधोबड, तो ३० ते ४० टक्क्यांवरच अडकला.

म्हणजे खडबडीतपणाच्या चढत्या क्रमाने पृष्ठभाग मांडले तर हाडाच्या स्पर्शाचा क्रम त्याच्याशी जुळत नाही. असे असूनही, खडबडीतपणा वाढेल तसा हाडाचा स्पर्श वाढतो, असा निष्कर्ष निबंधात आरंभी आहे. आणि त्यालाच जोडून, विशिष्ट आम्लसंस्काराचा अस्थिनिर्मितीवर अतिरिक्त उत्तेजक परिणाम होतो, अशी पुस्ती आहे. माझ्या मते ही पुस्ती हाच त्या निबंधातील खरा शोध होय. पुढील वाङ्मयाने मुख्य वाक्य उचलले आणि पुस्ती मागे ठेवली. सर्वाधिक स्पर्श, ६० ते ७० टक्के, हायड्रॉक्सीॲपेटाइटचा लेप दिलेल्या इम्प्लांटवर आढळला होता. परंतु तो लेपच विरघळत चालल्याच्या खुणाही त्याच वेळी दिसल्या होत्या. स्पर्शाचे प्रमाण हीच जर श्रेष्ठतेची कसोटी, तर विरघळणारा लेप सर्वश्रेष्ठ ठरतो. ही विसंगती कोणाला खटकली नाही याचे नवल वाटते.

येथे तुलनेच्या दुसऱ्या बाजूविषयीही बोलले पाहिजे. त्या प्रयोगातील गुळगुळीत पृष्ठभाग विद्युत्प्रक्रियेने घासूनपुसून चकचकीत केलेला होता. ब्रोनेमार्क यांचा कातलेला स्क्रू तसा नव्हता. वेनरबर्ग व आल्ब्रेक्टसन यांनी रूढ केलेल्या वर्गीकरणानुसार पृष्ठभागाची सरासरी उंचसखलता ०.५ मायक्रोमीटरहून कमी असेल तर तो गुळगुळीत, ०.५ ते १ पर्यंत किंचित खडबडीत, १ ते २ पर्यंत मध्यम आणि त्यापुढे खडबडीत. कातलेला स्क्रू सामान्यतः दुसऱ्या वर्गात पडतो. तेव्हा चकचकीत पृष्ठभागावर मिळविलेला विजय कातलेल्या पृष्ठभागावरचा विजय म्हणून सांगणे, म्हणजे एका प्रतिवादीविरुद्धचा निकाल दुसऱ्याच्या दारावर डकविणे होय.

उंचसखलतेचा हा आकडाही जपून वापरला पाहिजे. आपल्याकडील पदव्युत्तर प्रबंधांत बहुधा सुईच्या यंत्राने एका रेषेवर घेतलेले माप दिलेले असते आणि त्या एका अंकावर सारी मांडणी उभी असते. सरासरी उंचसखलता सारखीच असलेले दोन पृष्ठभाग रूपाने अगदी भिन्न असू शकतात : एकावर सुळके असतील, दुसऱ्यावर खळगे. हाडाला पकड मिळते ती खळग्यांत. सुळक्यांची टोके तुटून हाडात विखुरण्याचा संभव अधिक. उंचीच्या जोडीला दोन उंचवट्यांमधील अंतराचे मापही द्यावे, आणि रेषेऐवजी क्षेत्रावर मोजावे, अशी सूचना वेनरबर्ग व आल्ब्रेक्टसन यांनी २००० मध्ये केली होती. ती पाळणे अवघड नाही. पण त्याहून मोठी अडचण अशी की, पोत बदलताना केवळ पोत बदलत नाही. कणांच्या माऱ्याने ॲल्युमिनाचे कण धातूत रुतून राहतात. आम्लाने पृष्ठभागाखाली टायटॅनियम हायड्राइड तयार होते. ॲनोडायझिंगने ऑक्साइडचा थर जाड होतो आणि द्रावणातील फॉस्फरस त्यात शिरतो. अशा वेळी जे फळ मिळाले ते आकाराचे की रसायनाचे, हे ठरविण्यास स्वतंत्र प्रयोग लागतो. तो क्वचितच केला जातो. आणि श्रेय बहुतेक वेळा आकाराच्या खात्यावर जमा होते, कारण आकार सूक्ष्मदर्शकाच्या छायाचित्रात सुंदर दिसतो.

याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण माणसांवर झालेल्या एका अभ्यासात मिळते. लांग व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये स्वेच्छेने पुढे आलेल्या व्यक्तींच्या जबड्यात दाढांच्या मागील भागात छोटे इम्प्लांट बसवून ते काही आठवड्यांनी भोवतालच्या हाडासह काढून तपासले. एका गटाचा पृष्ठभाग वर वर्णन केलेला भरड कण व आम्ल यांनी सिद्ध केलेला. दुसऱ्याचा पोत तोच, परंतु हवेतील कार्बनी संयुगे त्यावर बसू नयेत म्हणून तो क्षारजलात साठविलेला आणि त्यामुळे पाणी चटकन पसरू देणारा. चार आठवड्यांनी पहिल्यावर हाडाचा स्पर्श सुमारे ३२ टक्के, दुसऱ्यावर सुमारे ४८ टक्के. सहा आठवड्यांनी दोन्हीकडे जवळपास सारखाच, सुमारे ६२ टक्के. या एका अभ्यासातून दोन गोष्टी निघतात. पोत जसाच्या तसा ठेवूनही चार आठवड्यांच्या आकड्यात एवढा फरक पडतो; म्हणजे तो फरक पोताचा नव्हे. आणि तो फरक सहाव्या आठवड्यास राहत नाही. म्हणजे जे मिळाले ते अधिक हाड नव्हे, ते लवकर मिळालेले हाड आहे.

हे लवकर मिळणे तुच्छ लेखण्यासारखे नाही, हे आवर्जून सांगतो. त्याची उपपत्तीही चांगली लागते, आणि ती डेव्हिस यांनी मांडली आहे. इम्प्लांट बसविताच त्यावर रक्त साकळते. त्या साकळ्यातील फायब्रिनच्या धाग्यांना धरून, त्यांना ओढ देत, हाड निर्माण करणाऱ्या पेशी धातूकडे सरकतात. पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर या ओढीने धागे धातूपासून सुटतात, आणि हाड जुन्या काठापासून हळूहळू इम्प्लांटकडे येत राहते. पृष्ठभागावर खळगे असतील तर धागे तेथे रुतून बसतात, पेशी धातूपर्यंत पोहोचतात आणि हाड थेट धातूवरच घडू लागते. येथे खडबडीतपणा हाडाला धरीत नाही. तो रक्ताच्या साकळ्याला धरतो. गवंडी नवा गिलावा धरावा म्हणून जुनी भिंत टोचून घेतो, तो दृष्टान्त आपण वर्गात सर्रास देतो. पण गिलावा एकदा वाळला की तसाच राहतो, हाड मात्र आयुष्यभर झिजते आणि नव्याने घडते. टोचे पहिल्या काही आठवड्यांत कामास आले म्हणून दहाव्या वर्षीही तेच काम करीत असतील, असे त्या दृष्टान्तावरून अनुमानू नये. (पेशींच्या बशीतील प्रयोगांविषयी लिहिण्याचा मोह आवरतो. एवढेच नमूद करतो की, त्यांत वारंवार वापरली जाणारी एमजी-६३ ही पेशींची जात हाडाच्या कर्करोगातून घेतलेली आहे. खडबडीत पृष्ठभागावर ती कमी वाढते व अधिक पक्व होते, हे खरे, परंतु निरोगी माणसाच्या जबड्यात काय होईल याची ती साक्ष देऊ शकत नाही.)

आता तिसऱ्या गोष्टीकडे, म्हणजे टिकण्याकडे, वळू. मध्यम खडबडीत पृष्ठभागांची दशवार्षिक फळे उत्तम आहेत. बुझर व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये ३०३ रुग्णांतील ५११ इम्प्लांटचा वृत्तांत दिला; दहा वर्षांनी ९८.८ टक्के इम्प्लांट जागेवर होते. आडेल यांच्या आकड्यांशेजारी हे मांडले की सुधारणा डोळ्यांत भरते. परंतु ही तुलना न्याय्य नाही. १९८१ चे रुग्ण पूर्ण दंतहीन होते, शस्त्रक्रियेचे तंत्र अजून घडत होते. २०१२ चे रुग्ण काही दात गमावलेले होते आणि तंत्र तीन दशके मुरलेले होते. फरकातील किती वाटा पृष्ठभागाचा, हे यादृच्छिक वाटणी केलेल्या चाचण्याच सांगू शकतात. एस्पोझितो व सहकाऱ्यांच्या कॉक्रेन समीक्षेने अशाच चाचण्या एकत्र केल्या. २०१४ च्या आवृत्तीत २७ चाचण्या होत्या, आणि कोणताही एक प्रकार दुसऱ्याहून दीर्घकाळ अधिक यशस्वी ठरतो असा पुरावा त्यांना मिळाला नाही. उलट, कातलेल्या पृष्ठभागाच्या इम्प्लांटभोवती हाडाचा नाश करणारा दाह होण्याचा धोका तीन वर्षांच्या अवधीत २० टक्क्यांनी कमी आढळला. जे मोजले त्यात गुळगुळीत पृष्ठभागाच्या बाजूने काही निघाले, हे आपल्या पाठ्यपुस्तकांत शोधूनही सापडत नाही.

याचे कारण कळण्यास अवघड नाही. इम्प्लांटचा वरचा काठ तोंडात उघडा पडला की फायब्रिनला जागा देणारे तेच खळगे जंतूंनाही जागा देतात, आणि तेथील थर खरवडून काढणे कठीण जाते. बेर्ग्लुंड व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये कुत्र्यांवरील प्रयोगात दोऱ्याच्या साहाय्याने दाह उत्पन्न करून नंतर दोरे काढून टाकले; त्यापुढे रोगाची वाढ खडबडीत पृष्ठभागावर अधिक झाली. अर्थात येथेही विरुद्ध बाजूस चकचकीत पृष्ठभाग होता, कातलेला नव्हता. जो आक्षेप मी बुझर यांच्या निबंधावर घेतला तो मला येथे सोडता येत नाही. दोऱ्याने घडविलेला रोग रुग्णाच्या रोगासारखा असतोच असेही नाही.

अस्थिशल्याच्या क्षेत्रातील पुरावा या वादात पुष्कळदा आणला जातो, म्हणून दोन शब्द. खुब्याच्या सांध्यासाठी सिमेंटविना बसविण्याच्या दांड्यावर सच्छिद्र थर असतो, आणि बॉबिन व सहकाऱ्यांनी १९८० मध्ये कुत्र्यांवरील प्रयोगांतून ५० ते ४०० मायक्रोमीटरची छिद्रे सर्वांत अनुकूल ठरविली. जबड्यातील इम्प्लांटवरील खळगे एक-दोन मायक्रोमीटरचे. म्हणजे अंतर पंचवीसपटीपासून चारशेपटीपर्यंत. एका ठिकाणी हाड आपल्या रक्तवाहिन्यांसह छिद्रात शिरते, दुसऱ्या ठिकाणी ते केवळ पृष्ठभागावर बसते. दोहोंना 'पोत' म्हटल्याने ती एक होत नाहीत. त्या क्षेत्रातून घेण्यासारखा धडा दुसराच आहे. पिलियार व सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये दाखविले की, इम्प्लांट व हाड यांमधील हालचाल सुमारे १५० मायक्रोमीटरच्या पुढे गेली तर छिद्रे कितीही उत्तम असोत, त्यांत हाडाऐवजी तंतुमय ऊती भरते. आल्ब्रेक्टसन यांच्या सहा बाबींपैकी शस्त्रक्रिया व भार या दोन बाबी पृष्ठभागाला कशा निरुपयोगी करू शकतात, याचे याहून चांगले प्रमाण नाही. आणि घट्टपणा हा नेहमीच गुण असतो असेही नव्हे : सच्छिद्र थर संपूर्ण लांबीवर असलेला ताठ दांडा खाली घट्ट जडला की भार तिकडेच उतरतो, आणि मांडीच्या हाडाचा वरचा भाग काम नसल्याने विरळ होऊ लागतो.

जबड्यातील प्रश्नावर एक मध्यम मार्ग सुचविला गेला : इम्प्लांटचा वरचा दोन-तीन मिलिमीटरचा काठ कातलेला ठेवावा आणि खालचा भाग खडबडीत करावा. माझ्या वरील युक्तिवादास तो अनुकूल आहे. म्हणूनच त्याच्या विरुद्ध जाणारा पुरावा टाळणे योग्य नव्हे. झेटरक्विस्ट व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये अशा मिश्र इम्प्लांटची संपूर्ण लांबीवर आम्लाने कोरलेल्या इम्प्लांटशी यादृच्छिक वाटणी करून पाच वर्षे तुलना केली. काठापर्यंत कोरलेल्या इम्प्लांटभोवती दाह अधिक झाला नाही. या निकालावर मी दोन शंका नोंदवितो, आणि त्या शंका आहेत, उत्तरे नव्हेत. दुहेरी आम्लाने कोरलेला तो पृष्ठभाग वर सांगितलेल्या वर्गीकरणात बहुधा 'किंचित खडबडीत' याच वर्गात येतो, कातलेल्या स्क्रूचा सख्खा शेजारी म्हणून. तेव्हा मध्यम खडबडीत पृष्ठभागाविषयी तो काही सांगत नाही. दुसरे असे की, इम्प्लांटभोवतीचा दाह सावकाश पुढे सरकतो, आणि पाच वर्षांचा काळ लार्सनच्या चाळीस वर्षांपुढे अल्प आहे. मध्यम खडबडीत व कातलेला असे दोन्ही काठ एकाच रुग्णाच्या जबड्यात, पंधरा वर्षांच्या अवधीवर, एकाच मोजपट्टीने पाहिले गेले पाहिजेत. आपल्या विभागातील जे विद्यार्थी सशाच्या नडगीत आणखी एक पृष्ठभाग बसवून सहा आठवड्यांनी तो उलट पिळून काढण्याच्या तयारीत आहेत, त्यांनी निदान नियंत्रणासाठी चकचकीत स्क्रू न घेता कातलेला घ्यावा, आणि सहाव्या आठवड्याच्या आकड्याशेजारी बाराव्या आठवड्याचाही आकडा द्यावा.